सर्व्हर घरचा की भाड्याचा? बेळगावकडच्या पतसंस्थेचा आणि फौंड्रीचा हिशेब

संचालक मंडळाच्या बैठकीत दोन कोटेशनं समोर येतात. एक गावातल्या कॉम्प्युटरवाल्याचं: सर्व्हर, तीन लाख रुपये. दुसरं क्लाउडचं: महिना साडेएकवीस हजार. कुणीतरी लगेच मोबाईलवर गुणाकार करतं. साडेएकवीस हजार गुणिले साठ महिने म्हणजे बारा लाख नव्वद हजार. तीन लाखांत भागत असताना तेरा लाख कशाला, असं म्हणून ठराव मंजूर होतो आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते. शहापूरपासून निपाणीपर्यंत थोड्याफार फरकाने अशाच बैठका होतात. कधी उलटंही घडतं. "हल्ली सगळे क्लाउडवरच जातात" एवढ्या एका वाक्यावर सही होते आणि चौथ्या-पाचव्या महिन्याचं बिल बघून अकाउंटंट हबकतो.

यातला कुठलाही निर्णय मुळात चूक नाही. चूक आहे ती तुलना. तीन लाख हा सर्व्हर नावाच्या पेटीचा भाव आहे, सर्व्हर पाच वर्षं चालवण्याचा नव्हे. आणि साडेएकवीस हजारांत अजून कर धरलेला नाही, माणूस धरलेला नाही, डॉलरची पुढची चढउतार तर नाहीच नाही. दोन्ही आकडे पुरे करून शेजारी ठेवले की चित्र बरंच बदलतं. ते कसं करायचं, हे इथे मांडतो.

क्लाउड म्हणजे मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधलं मशीन तासाच्या दराने भाड्याने घेणं. ॲमेझॉनने हा धंदा २००६ मध्ये सुरू केला. आपल्याकडे मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई आणि चेन्नईची केंद्रं २०१५ मध्ये सुरू झाली, ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये, गूगलचं मुंबईतलं २०१७ मध्ये, आणि २०२२ मध्ये ॲमेझॉनने हैदराबादलाही केंद्र उघडलं. म्हणजे बेळगावच्या संस्थेचा डेटा आता सिंगापूरला पाठवायची गरज उरलेली नाही. मुंबई आपल्यापासून साधारण पाचशे किलोमीटर, आणि तेवढ्या अंतराने खातं उघडताना स्क्रीनवर जाणवेल असा उशीर होत नाही.

उद्यमबाग किंवा मच्छेला ज्यांची शेड आहे, त्यांना या प्रश्नाचं मर्म आधीच ठाऊक आहे. कास्टिंग ओतून झालं की मशिनिंग घरी करायचं की जॉबवर्कला द्यायचं? स्वतःचं व्हीएमसी (संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं मशीन) घ्यायचं तर ते दोन शिफ्ट चालेल एवढं काम हातात हवं आणि ते चालवणारा ऑपरेटर टिकायला हवा. मशीन आठवड्यातून दोनच दिवस फिरणार असेल तर बँकेचा हप्ता नगाच्या भावात शिरतो आणि ऑर्डर दुसरीकडे जाते. जॉबवर्कचा दर नगामागे जास्त असतो, पण काम नसलेल्या महिन्यात बिलही येत नाही. सर्व्हरचा हिशेब असाच आहे. मशीन किती तास खरंच राबणार, आणि बंद पडलं तर कोण धावणार, या दोन प्रश्नांची उत्तरं आली की बाकीचा हिशेब आकडेमोडीचा. गंमत अशी की, फौंड्रीवाले हे व्हीएमसीबाबत चोख विचारतात आणि सर्व्हरबाबत विचारत नाहीत.

तीन लाखांचा सर्व्हर खरा कितीला पडतो

समजा एक पतसंस्था आहे. सहा शाखा, मुख्य कार्यालय शहापुरात, पिग्मी, म्हणजे सभासदांची रोजची बारीक बचत, गोळा करणारे तीसेक एजंट. खालचे आकडे मी धरून चाललेले आहेत, तुमच्या कोटेशनप्रमाणे ते बदलून घ्या. आकड्यांपेक्षा रकाने महत्त्वाचे आहेत.

सर्व्हर तीन लाख. पण तो टेबलावर नुसता ठेवून चालत नाही. यूपीएस आणि बॅटऱ्या सत्तर हजार. फायरवॉल, स्विच आणि रॅक मिळून साठ हजार. बॅकअपसाठी वेगळा स्टोरेज डबा पन्नास हजार. एसी पंचेचाळीस हजार. झाले सव्वापाच लाख. पाच वर्षांत वाटले तर वर्षाला एक लाख पाच हजार.

आता वीज. सर्व्हर सरासरी २५० वॅट घेतो असं धरू. यूपीएसमध्ये वाया जाणारी वीज आणि एसी मिळून भार ४०० वॅटपर्यंत जातो. वर्षाचे ८७६० तास. म्हणजे ३५०४ युनिट. युनिटला नऊ रुपये धरले तर साडेएकतीस हजार. हेस्कॉमच्या बिलात ही रक्कम पंखे-दिव्यांच्या गर्दीत मिसळून जाते, म्हणून ती कुणाच्याच लक्षात येत नाही.

शाखा या सर्व्हरला जोडायच्या तर स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) असलेली चांगली इंटरनेट लाईन हवी आणि ती तुटेल तेव्हासाठी दुसऱ्या कंपनीची एक जादा लाईन हवी. वर्षाला तीस हजार. मेन्टेनन्सचं कंत्राट चाळीस हजार. यूपीएसच्या बॅटऱ्या पाच वर्षांत एकदा तरी बदलाव्या लागतातच, त्याचे वर्षाला सहा हजार. कार्यालयाबाहेर ठेवायच्या बॅकअपचे बारा हजार. आणि माणूस. महिना पंचवीस हजार पगाराच्या माणसाचा चौथा हिस्सा वेळ या मशीनपायी जातो असं धरलं तर वर्षाला पंचाहत्तर हजार.

बेरीज जवळपास तीन लाख. पाच वर्षांत नव्हे, दर वर्षी. महिन्याला पंचवीस हजार.

ज्या संचालकांनी तीन लाख भागिले साठ करून महिना पाच हजार काढले होते, त्यांच्या आकड्याची ही पाचपट आहे. या रकमेतलं काहीही चैनीचं नाही. उलट यात एक मोठी गोष्ट धरलेलीच नाही: दुसरा सर्व्हर. एकच मशीन असेल आणि शनिवारी दुपारी त्याचा मदरबोर्ड गेला, तर सुटा भाग पुण्याहून किंवा बंगळुरूहून येईपर्यंत सोमवार-मंगळवार उजाडतो. तोपर्यंत सहा शाखांचे काउंटर हाताने पावत्या फाडत बसणार. ते नको असेल तर तयारीत उभं असलेलं दुसरं मशीन घ्या. महिन्याला आणखी पाच हजार.

जिन्याखालची खोली

इथे थोडं थांबतो, कारण घरचा सर्व्हर जिथे ठेवला जातो ती जागाच बहुतेक वेळा त्याचं आयुष्य ठरवते.

बेळगावची हवा सर्व्हरला तशी मानवते. बरेचसे सर्व्हर आत येणारी हवा ३५ अंशांपर्यंत चालवून घेतात, आणि हिवाळ्यात आपल्याकडे नुसत्या एक्झॉस्ट पंख्यावरही भागतं. त्रास होतो तो यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांना. त्यांचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. ठोकताळा असा की दर दहा अंश वाढीला आयुष्य निम्मं होतं. जिन्याखालच्या बंद खोलीत मे महिन्यात काय होतं हे वेगळं सांगायला नको. बॅटरी गेल्याचं कळतं तेही नेमकं लाईट गेल्यावर.

फौंड्रीत आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे इंडक्शन फर्नेस, विजेवर धातू वितळवणारी भट्टी. ती चालू-बंद होताना त्याच लाईनवरचा व्होल्टेज हेलकावे खातो. सर्व्हरसाठी ऑनलाईन प्रकारचा (लाईट असतानाही सतत स्वतःमार्फत वीज देणारा) यूपीएस आणि स्वतंत्र अर्थिंग नसेल तर पॉवर सप्लाय एकामागून एक जळतात. दुसरी गोष्ट धूळ. फौंड्रीच्या ऑफिसातल्या सर्व्हरचं झाकण उघडून बघा. मेमरीच्या पट्ट्यांवर आणि पंख्याच्या पात्यांवर काळी, मऊ, काजळीसारखी साय धरलेली असते. बोट फिरवलं तर चमकते. त्याजवळ लोहचुंबक धरला की तिचे कण उभे राहतात. घरातली धूळ फार तर हवा अडवते. ही धूळ वीज वाहते, आणि पावसाळ्याच्या दमटपणात ती चिपच्या दोन पायांमध्ये पूल बांधते. शेडला लागून असलेल्या खोलीत सर्व्हर ठेवणार असाल तर खोली पक्की बंद आणि हवा गाळून आत, एवढं तरी हवंच. हा खर्च मी वर धरलेला नाही.

क्लाउडचं बिल ओळीओळीने

आता दुसरं कोटेशन उलगडू. तेवढ्याच ताकदीचं, चार कोअर आणि सोळा जीबी मेमरीचं मशीन. दर तासाला साधारण २० सेंट धरू, डॉलर नव्वद रुपये. महिन्याचे तास ७३०. म्हणजे १४६ डॉलर, तेरा हजार एकशे चाळीस रुपये. कोटेशनच्या पहिल्या ओळीत दिसतो तो हाच आकडा, आणि बरेच जण तेवढाच वाचतात.

पुढे पाचशे जीबी डिस्क: चार हजारांच्या आसपास. तिचे बॅकअप: दोन हजार. इंटरनेटवरचा सार्वजनिक पत्ता, ज्याचे ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट घ्यायला सुरुवात केली: महिना सव्वातीनशे. शेवटी बाहेर जाणारा डेटा. क्लाउडमध्ये माहिती आत टाकायला पैसे पडत नाहीत. बाहेर काढायला पडतात. ॲमेझॉनकडे महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट आणि मुंबईहून पुढचा दर जीबीला साधारण ११ सेंट. तीनशे जीबी बाहेर गेले तर दोन हजार रुपये. सगळं मिळून साडेएकवीस हजार.

त्यावर १८ टक्के जीएसटी. इथे पतसंस्था आणि फौंड्री यांच्यात मोठा फरक पडतो, आणि तो कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. फौंड्री आपल्या मालावर जीएसटी भरते, त्यामुळे क्लाउडच्या बिलातला कर तिला वजा करून मिळतो. पतसंस्थेचं मुख्य उत्पन्न कर्जावरचं व्याज, आणि व्याजावर जीएसटी नाही. म्हणून तिला ही वजावट फारशी मिळत नाही. भरलेला कर खर्चातच जमा होतो. सर्व्हर विकत घेतानाही कर लागतोच, पण घरच्या हिशेबातला मोठा भाग पगार आणि वीज आहे, ज्यांवर जीएसटी नाही. भाड्याच्या हिशेबात मात्र पूर्ण बिलावर लागतो. पतसंस्थेचं साडेएकवीस हजारांचं बिल असं पंचवीस हजार चारशेच्या जवळ जातं.

माणूस सुटत नाही. डिस्क बदलायला कुणी लागत नाही हे खरं, पण अपडेट कोण करणार, कुणाला कुठला अधिकार द्यायचा हे कोण बघणार, बिल कोण तपासणार? निम्मा तरी वेळ धरा: महिना तीन हजार. एकूण अठ्ठावीस हजार चारशे.

म्हणजे पंचवीस विरुद्ध साधारण साडेअठ्ठावीस. तेरा लाख विरुद्ध तीन लाख ही लढत मुळात नव्हतीच. तयारीतला दुसरा सर्व्हर घेतला की घरचा आकडाही तीस हजारांवर जातो. एवढ्या आकाराच्या संस्थेत दोन्ही जवळपास सारखेच पडतात, आणि काटा कुठे झुकेल हे वापर कसा आहे त्यावर ठरतं.

पतसंस्थेचा वापर बघा. सकाळी दहा ते दुपारी दोन काउंटरची गर्दी. मग ओहोटी. संध्याकाळी पाचनंतर पिग्मी एजंट गणपत गल्ली, खडे बाजार फिरून परततात आणि त्यांची मशिनं एकदम जोडली जातात. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये रोजच्या नाण्या-नाण्याची बचत म्हणून सुरू केलेली ही पिग्मी आजही इथल्या पतसंस्थांचा कणा आहे, आणि सर्व्हरवर दिवसातला सगळ्यात मोठा ताणही तिचाच. रात्री आठनंतर शून्य. रविवारी शून्य. महिन्याच्या ७३० तासांतले खऱ्या कामाचे तास तीनशेच्या आसपास.

घरचा सर्व्हर रात्री बंद केला तर वाचते ती फक्त वीज. भाड्याचं मशीन बारा तास आणि सव्वीस दिवसच चालवलं तर तास होतात ३१२, आणि तेरा हजारांची ती पहिली ओळ पाच हजार सहाशेवर येते. मात्र एक लक्षात ठेवा: मशीन बंद असलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. आणि सभासदांना रात्री मोबाईलवर शिल्लक बघायची सोय दिली असेल तर हा मार्ग बंदच. मग दुसरा मार्ग आहे. मशीन वर्षभर घेणार असा करार आधीच केला तर दर साधारण एक तृतीयांशाने उतरतो. करासकट आणि माणसासकट आकडा तेवीस हजारांच्या थोडा वर येतो, म्हणजे घरच्यापेक्षाही खाली. हे न मागता कुणी देत नाही. सही करण्याआधी स्पष्ट विचारावं लागतं.

डॉलरचं मात्र कुणाच्याच हातात नाही. बिल रुपयात येत असलं तरी मोठ्या परदेशी कंपन्यांचे दर डॉलरमध्ये ठरलेले असतात. २०१५ च्या सुरुवातीला डॉलर त्रेसष्टच्या आत-बाहेर होता; २०२५ च्या अखेरीस नव्वदच्या आसपास. सर्व्हरही आयात मालच आहे, पण त्याचे पैसे एकदाच मोजले की पुढची पाच वर्षं डॉलर कुठेही जावो. पाच वर्षांचं अंदाजपत्रक मांडताना भाड्याच्या रकान्यात दर वर्षी काही टक्के वाढ धरायलाच हवी. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी रुपयात ठरीव महिना घेणाऱ्या भारतीय कंपन्या आहेत. सोयी कमी, पण एका लेखा सॉफ्टवेअरपुरतं त्या भरपूर होतात.

फौंड्रीचं दुखणं वेगळं

पतसंस्थेचा डेटा म्हणजे नोंदी. सगळ्या सभासदांची वीस वर्षांची खाती एका पेनड्राईव्हवर मावतील. फौंड्रीचा डेटा म्हणजे चित्रं: कास्टिंगचे एक्स-रे, तपासणीचे फोटो, ड्रॉइंग, सिम्युलेशनच्या फाईली. गाड्यांचे भाग बाहेर पाठवणाऱ्याला ही कागदपत्रं वर्षानुवर्षं सांभाळावी लागतात. वीस टीबी, म्हणजे वीस हजार जीबी, सहज होतो.

वीस टीबी क्लाउडच्या नेहमीच्या साठ्यात ठेवायचा तर जीबीला महिना अडीच सेंट धरून पाचशे डॉलर, पंचेचाळीस हजार रुपये महिना. कायमचे. तेवढाच माल दोन वेगवेगळ्या इमारतींत दोन प्रतींमध्ये ठेवायला मिळून चार लाखांचे दोन स्टोरेज डबे पुरतात. वीज आणि देखभालीसकट महिना दहा हजारांच्या आत. इथे घरचं स्वस्त आहे, आणि ते थोडंथोडकं नाही.

जुना माल "थंड" साठ्यात टाकला तर दर अगदी खाली येतो हेही खरं. पण तिथून फाईल मागवली तर हातात पडायला बारा तासांपर्यंत लागू शकतात आणि काढण्याचे पैसे वेगळे. ग्राहकाचा ऑडिटर समोर बसून अमुक हीट नंबरचा (एका ओतणीच्या क्रमांकाचा) एक्स-रे मागतो तेव्हा बारा तास फार होतात. आणि पूर्ण वीस टीबी परत घरी आणायचा ठरवला तर बाहेर काढण्याचा खर्च दीड लाखाच्या पुढे. २०२४ मध्ये गूगल आणि ॲमेझॉन दोघांनीही जाहीर केलं की, ग्राहक कायमचा सोडून जात असेल तर हे पैसे माफ होतील. पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो, आणि नुसता रोजचा वापर माफ होत नाही. वेळेचंही बघा. शंभर एमबीपीएसच्या लाईनवर वीस टीबी वर चढवायला, लाईन क्षणभरही न तुटता, साडेअठरा दिवस लागतात.

मोठ्यांनीही हे हिशेब केलेत. नेटफ्लिक्सने २००८ मध्ये डेटाबेस बिघडून फटका खाल्ला आणि २०१६ पर्यंत सगळं ॲमेझॉनवर नेलं. त्याच सुमारास ड्रॉपबॉक्सने उलट वाट धरली, ग्राहकांच्या फाईली ॲमेझॉनवरून काढून स्वतःच्या मशिनांवर आणल्या, आणि २०१८ मध्ये शेअर बाजारात येताना सांगितलं की, दोन वर्षांत ७ कोटी ४६ लाख डॉलर वाचले. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. एकाकडे संध्याकाळी उसळणारी आणि पहाटे ओसरणारी गर्दी, दुसऱ्याकडे वर्षभर तस्साच पडून राहणारा फाईलींचा डोंगर. पतसंस्था आणि फौंड्री यांच्यातला फरक हाच आहे.

बंद पडणं, बुडणं, जळणं

क्लाउडवाले ९९.९ टक्के वगैरे आकडे सांगतात. त्याचा अर्थ वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. एकट्या मशीनसाठी ॲमेझॉनचं वचन ९९.५ टक्क्यांचं आहे, म्हणजे महिन्याला साडेतीन तासांच्या थोडं वर. वचन मोडलं तर बिलात थोडी सूट मिळते. काउंटरवर ताटकळलेल्या सभासदाची भरपाई मिळत नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनचं अमेरिकेतलं एक केंद्र बिघडलं आणि जगभरातल्या सेवा दिवसभर अडखळल्या. तरीही, ज्यांनी घरच्या सर्व्हरची बंद पडण्याची नोंद प्रामाणिकपणे ठेवली आहे, त्यांच्या वहीत पावणेनऊ तासांपेक्षा जास्तच सापडतात.

आपल्याकडे मशिनापेक्षा लाईन जास्त तुटते. रस्ता खोदला, गटार काढलं, केबल गेली. सर्व्हर मुंबईला असेल तर प्रत्येक शाखा आपापल्या लाईनवर जगते. एकीची तुटली तर ती एकटीच थांबते. सर्व्हर शहापुरात असेल आणि शहापूरचीच लाईन तुटली तर सहाही थांबतात. हा मुद्दा मला पैशांइतकाच मोठा वाटतो, आणि शाखा असलेल्या संस्थेने तो आधी बघावा. फौंड्रीचं सगळं एकाच आवारात असतं; तिथे हा मुद्दा उलटा होतो. लाईन तुटली तरी घरच्या सर्व्हरवर शेडमधलं काम चालू राहतं.

पावसाळा आहेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदमच चढल्या, जिल्ह्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली आणि कोल्हापूरजवळ महामार्ग काही दिवस बंद होता. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच कपाटातली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात बुडतात. पण भाड्याने घेतलं म्हणजे सुटका झाली असंही नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांचा डेटा कायमचा गेला. म्हणून सर्व्हर कुठेही असो, एक प्रत दुसऱ्या गावात आणि नेटवर्कपासून तोडलेली हवीच. डिस्क आरशासारखी दुसऱ्या डिस्कवर उतरत असते त्याला बॅकअप म्हणू नका. कुणी चुकून खातं पुसलं किंवा खंडणीच्या व्हायरसने फाईली कुलूपबंद केल्या, तर त्याच क्षणी तेच आरशातही उतरतं.

कायद्याचं थोडक्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. कंपनी कायद्याखालच्या संस्थांना हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज, भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. क्लाउड घेताना मुंबई किंवा हैदराबाद न निवडता स्वस्त दिसलं म्हणून परदेशातलं केंद्र निवडलं, तर इथे अडचण येते. मशीन घरचं असो वा भाड्याचं, या नोंदी ठेवायची जबाबदारी संस्थेचीच राहते.

मी काय सांगतो

सहा-आठ शाखांच्या पतसंस्थेला मी भाड्याचंच सुचवतो, वर्षाच्या करारावर. पैशात फार वाचतं म्हणून नव्हे. बेळगावात सर्व्हर सांभाळू शकणारा माणूस तयार झाला की तो पुण्याला किंवा बंगळुरूला जातो, आणि मागे राहते ती कुणालाच पासवर्ड माहीत नसलेली पेटी. संस्था सभासदांच्या घामाच्या पैशावर उभी आहे. एका माणसाच्या जाण्या-येण्यावर ती टांगून ठेवणं मला पटत नाही. सॉफ्टवेअर देणारी कंपनी स्वतःच्याच क्लाउडवर ठेवते म्हणाली तर तेही चालेल, पण करारात दोन गोष्टी लिहून घ्या: रोजची एक प्रत संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात येईल, आणि संबंध संपले तर सगळा डेटा दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात ठरलेल्या दिवसांत परत मिळेल. मराठी-कन्नड नावं युनिकोडमध्येच मिळतील हेही त्यात घाला. जुन्या फॉन्टमध्ये साठवलेली सभासदांची नावं दुसरीकडे नेताना नुसती चिन्हं होऊन येतात, आणि हजारो खाती हाताने दुरुस्त करण्याचा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

फौंड्रीला मी विभागून सांगतो. एक्स-रे, ड्रॉइंग आणि कॅमेऱ्यांचं चित्रण घरी, दोन इमारतींत. लेखा आणि ऑर्डरचं सॉफ्टवेअर भाड्याने, कारण ते लहान आहे, करही वजा होतो आणि मालकाला दौऱ्यावरूनही बघता येतं. घरच्या साठ्यातला जो गमावणं खरोखर परवडणार नाही तो भाग, म्हणजे ग्राहकाची ड्रॉइंग आणि चालू वर्षाचे दाखले, तेवढाच क्लाउडच्या थंड साठ्यात तिसरी प्रत म्हणून. घेतलेल्या सर्व्हरवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो, तो सीएंकडून हिशेबात धरून घ्या.

कुठलंही निवडलं तरी वर्षातून दोनदा, एखाद्या रविवारी, बॅकअपवरून रिकाम्या मशीनवर सगळं परत उभं करून बघा. कालची शिल्लक कालच्या रोजकीर्दीशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. परत उभं करायला किती तास लागले ते संचालक मंडळाच्या इतिवृत्तात लिहा, आणि पुढचं कोटेशन येईल तेव्हा देणाऱ्याला तोच आकडा आधी विचारा.